मोबाइल डेटावरून मेल जात नाही: रिव्हर्स डीएनएसची तपासणी चुकीच्या दारावर

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाड्याच्या व्हीपीएसवर (दूरच्या आभासी सर्व्हरवर) पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर चालतो. ऑफिसच्या लीज्ड लाइनवरून मेल बिनबोभाट जातात. फिरतीवरच्या सेल्सच्या लोकांना आणि घरून काम करणाऱ्यांना मात्र अधूनमधून ‘४५० ४.७.२५ क्लायंट होस्ट रिजेक्टेड: कॅनॉट फाइंड युअर होस्टनेम’ असं येतं. ब्रॉडबँडवाल्याकडे पीटीआर रेकॉर्ड (आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी डीएनएसमधली नोंद, म्हणजेच रिव्हर्स डीएनएस) मागितला, तर डायनॅमिक म्हणजे बदलत्या आयपीला तो मिळत नाही म्हणाला. डायनॅमिक डीएनएसचं (बदलत्या आयपीमागे फिरणारं) नाव घेऊन पाहिलं, फरक पडला नाही. शेवटी वैतागून सर्व्हरवरची ही रिव्हर्स डीएनएसची तपासणीच काढून टाकली, तर स्पॅमचा पूर आला, म्हणून परत लावली. आता काय करायचं?

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. ब्रॉडबँडवाल्याच्या मागे लागणं सोडा. तो टाळाटाळ करत नाहीये, आणि उद्या त्याने पीटीआर दिला तरी तुमची अडचण जाणार नाही. परवा आयपी बदलेल, आणि सेल्सचा माणूस नाशिकला पोचला की तिसऱ्याच कंपनीच्या टॉवरवरून जोडला जाईल. दोष तुमच्या सर्व्हरच्या मांडणीत आहे. अनोळखी सर्व्हरांना लावायची तपासणी तुम्ही तुमच्याच माणसांना लावताय. ती काढायची नाही, ती जिथे शोभते त्या दारावर ठेवायची.

(पुढे सेटिंगांची नावं देवनागरीत आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत, अंडरस्कोअरसकट लिहायची.)

ही तपासणी नेमकं काय करते ते बघा, म्हणजे ‘कधी जातं, कधी जात नाही’ याचा उलगडा होईल. समजा २०३.०.११३.४५ या पत्त्यावरून कोणी जोडलं. पोस्टफिक्स तो पत्ता उलटा मांडून ४५.११३.०.२०३.इन-अ‍ॅडर.आर्पा या नावाखाली पीटीआर शोधतो. नाव मिळालं तरी तो तेवढ्यावर विश्वास ठेवत नाही, कारण आयपीचा मालक पीटीआरमध्ये वाटेल ते नाव टाकू शकतो. मग त्या नावाचा ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारी नोंद) काढून तो पुन्हा २०३.०.११३.४५ वरच येतो का, हे बघितलं जातं. जाणं आणि येणं दोन्ही जुळलं तरच नाव मान्य, नाहीतर लॉगमध्ये ‘अननोन’.

म्हणजे लॉगमधल्या ‘अननोन’चे अर्थ वेगवेगळे असू शकतात. पीटीआर मुळातच नसेल, पीटीआरमधलं नाव पुढे कुठेच जात नसेल, किंवा भलत्याच आयपीवर जात असेल. यातल्या शेवटच्या दोन प्रकारांत आधी एक ‘वॉर्निंग: होस्टनेम अमुक डझ नॉट रिझॉल्व्ह टू अ‍ॅड्रेस तमुक’ अशी ओळ पडते, ती शोधा. इंटरनेट कंपन्यांच्या डायनॅमिक पट्ट्यांमध्ये हे सगळेच प्रकार शेजारीशेजारी सापडतात. एका पट्ट्याला पीटीआर आणि ए दोन्ही व्यवस्थित, दुसऱ्याला कोणीतरी कधीकाळी पीटीआर भरले पण ए रेकॉर्ड विसरला, तिसरा कोरा. राउटर रीस्टार्ट झाला की तुमचा माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात जातो. वर कंपनीचा डीएनएस सर्व्हर क्षणभर उत्तर देईनासा झाला, तरी पोस्टफिक्स ४५० देऊनच मोकळा होतो. खरा मेल सर्व्हर ४५० म्हणजे ‘नंतर या’ असं समजून रांगेत ठेवतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. आउटलुक किंवा थंडरबर्ड तसं करत नाही. तो वापरणाऱ्याच्या तोंडावर एररची खिडकी फेकतो, आणि फोन तुम्हाला येतो.

डायनॅमिक डीएनएस का चाललं नाही, तेही यातूनच कळतं. त्या सेवेने तुमच्या नावाचा ए रेकॉर्ड बदलत्या आयपीकडे वळवला. ती बाजू तुमच्या हातात आहे, कारण नाव तुमचं आहे. उलट बाजू आयपीच्या मालकाच्या झोनमध्ये असते आणि तिथे तुम्हाला लिहिता येत नाही. पोस्टफिक्सची सुरुवात आयपीपासून होते, त्यामुळे तुमचं ते नाव त्याला कधी दिसतच नाही. अ‍ॅक्सेस टेबलमध्ये (कोणाला आत घ्यायचं याच्या यादीत) ते नाव ‘ओके’ लिहून ठेवणारेही पाहिलेत. तीही ओळ नुसती पडून राहते.

आयपीव्ही६ वर (आयपी पत्त्यांच्या नव्या, लांब पद्धतीत) तर पीटीआरचा नादच सोडावा. एका साध्या घरगुती जोडणीला मिळणाऱ्या /६४ या पट्ट्यात २ चा ६४ वा घात इतके पत्ते असतात. तेवढे पीटीआर आधीपासून भरून ठेवणं अशक्य आहे. इंटरनेट कंपन्यांनी यावर काय करावं, याची चर्चा करणारा आरएफसी ८५०१ हा (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या रीती मांडणारे दस्तऐवज) २०१८ चा एक स्वतंत्र दस्तऐवजच आहे. आयपीव्ही४ च्या मोबाइल जोडणीत बहुधा कॅरियर-ग्रेड नॅट असतो, म्हणजे फोनला आतून १००.६४.०.०/१० मधला पत्ता आणि बाहेरून शेकडो ग्राहकांमध्ये वाटलेला एकच सार्वजनिक पत्ता. त्या पत्त्याचं नाव तुमच्या माणसाची ओळख कशी देणार?

मग माणसाची ओळख कशाने पटवायची? लॉगिन आणि पासवर्डने. यासाठी वेगळा पोर्ट (सर्व्हरचं क्रमांकाचं दार) १९९८ पासून ठरलेला आहे: ५८७, सबमिशन. सर्व्हर-सर्व्हरमधली देवाणघेवाण २५ वर चालू राहावी आणि आपल्या माणसांनी मेल ‘जमा’ करायला ५८७ वर यावं, अशी ती कल्पना. २०१८ च्या आरएफसी ८३१४ ने सुरुवातीपासून टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) असलेल्या ४६५ लाही अधिकृत केलं. जुन्या लेखांत ४६५ ‘रद्द झालेला पोर्ट’ म्हणून सापडेल. मधल्या काळात ते खरंही होतं, आता नाही. मी नव्या मांडणीत दोन्ही उघडे ठेवतो. शिवाय घरगुती जोडण्यांवरून बाहेर जाणारा पोर्ट २५ बऱ्याच कंपन्या बंदच ठेवतात, त्यामुळे तुमच्या माणसांनी २५ वापरत राहण्यात काहीच अर्थ नाही.

आता पोस्टफिक्सची मास्टर.सीएफ ही सेवांची फाइल उघडा. सबमिशनच्या ओळी तिथे आधीपासून असतात, पुढे # लावून बंद केलेल्या. त्या उघडायच्या. त्याखाली ‘-ओ’ने सुरू होणाऱ्या ओळींत टीएलएस सक्तीचं, सासल (लॉगिन तपासणारी यंत्रणा) चालू, आणि एसएमटीपीडी_क्लायंट_रिस्ट्रिक्शन्स ला ‘परमिट_सासल_ऑथेंटिकेटेड, रिजेक्ट’. दोन शब्दांचा हा नियम पुरेसा आहे: लॉगिन केलंय तर ये, नाहीतर चालता हो. एक बारीक गोष्ट लोकांना फार छळते. ‘-ओ’च्या ओळीत बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला किंवा स्वल्पविरामानंतर मोकळी जागा सोडू नका. जागा हवीच असेल, तर ३.० पासून पुढच्या आवृत्त्यांमध्ये सगळं महिरपी कंसात घालता येतं.

इथवर बहुतेक जण येतात, आणि तरीही मेल अडतो. खरी मेख पुढे आहे.

पोस्टफिक्समध्ये नियमांच्या याद्या अनेक आहेत: क्लायंटची (जोडणाऱ्याची), हेलोची (जोडताना तो स्वतःचं सांगतो त्या नावाची), सेंडरची (पाठवणाऱ्याची), रिलेची (मेल पुढे बाहेर पाठवण्याची), रिसिपियंटची (घेणाऱ्याची). प्रत्येक यादी स्वतंत्र चालते. एका यादीत ‘परमिट’ मिळालं की ती यादी संपते, बाकीच्या नाही. पण एखाद्या यादीत ‘रिजेक्ट’ झालं की खेळ खल्लास. तुमच्या मेन.सीएफ मध्ये (मुख्य सेटिंगांच्या फाइलमध्ये) मला जवळजवळ खात्रीने हे दिसतंय: परमिट_सासल_ऑथेंटिकेटेड हे रिसिपियंटच्या यादीत आहे, आणि रिजेक्ट_अननोन_क्लायंट_होस्टनेम क्लायंटच्या यादीत एकटंच बसलंय. माणसाने बरोबर पासवर्ड दिला तरी क्लायंटच्या यादीला त्याचं सोयरसुतक नाही. ऑफिसमधून मेल जातात, कारण लीज्ड लाइनच्या आयपीला पीटीआर आहे, लॉगिनमुळे नव्हे. म्हणून ज्या-ज्या यादीत ‘रिजेक्ट’ने सुरू होणारं काही आहे, तिथे आधी परमिट_मायनेटवर्क्स (मायनेटवर्क्स म्हणजे विश्वासातल्या आयपींची यादी), मग परमिट_सासल_ऑथेंटिकेटेड, आणि त्यानंतरच नकाराच्या ओळी. क्रमाला इथे महत्त्व आहे, वरून खाली वाचत जो नियम आधी लागू होईल तो त्या यादीपुरता शेवटचा.

दुसरी मेख एसएमटीपीडी_डिले_रिजेक्ट. मुळात ते ‘येस’ असतं, आणि त्यामुळे क्लायंटची यादीसुद्धा पत्ता दिल्यानंतर, म्हणजे लॉगिन होऊन गेल्यावर तपासली जाते. कुठल्यातरी ‘स्पॅमवर दहा उपाय’ छाप लेखावरून कोणी ते ‘नो’ केलं असेल, तर यादी जोडणी होताक्षणीच चालते. तेव्हा पासवर्ड विचारलेलाच नसतो, मग परमिट_सासल_ऑथेंटिकेटेड कुठेही लिहा, ते लागू होणं शक्य नाही.

तिसरी हेलोची. आउटलुक हेलोमध्ये कॉम्प्युटरचं नाव सांगतो, आणि ते पूर्ण डोमेन नाव नसतं. थंडरबर्ड चौकटी कंसात घरातला १९२.१६८ वाला पत्ता सांगतो, तो सहसा चालून जातो. रिजेक्ट_नॉन_एफक्यूडीएन_हेलो_होस्टनेम किंवा रिजेक्ट_अननोन_हेलो_होस्टनेम मोकाट सोडलेलं असेल, तर रिव्हर्स डीएनएसचा प्रश्न सुटल्या दिवशी हेलोचा सुरू होतो. म्हणून सबमिशनखाली हेलो आणि सेंडरच्या याद्या ‘-ओ’ने रिकाम्या करा आणि रिसिपियंट व रिलेच्या याद्यांना तोच दोन शब्दांचा नियम द्या. मेन.सीएफ मधलं काहीही तिथे झिरपू द्यायचं नाही.

झिरपणाऱ्या गोष्टींत सगळ्यात वाईट म्हणजे ब्लॉकलिस्ट, म्हणजे नाकारायच्या आयपींची यादी. स्पॅमहॉस या संस्थेची पीबीएल ही घरगुती आणि डायनॅमिक पट्ट्यांची यादी आहे. ती गुन्हेगारांची यादी नव्हे. ‘या पत्त्यांवरून लॉगिनशिवाय थेट मेल येऊ नये’ एवढंच ती म्हणते, आणि बरेच पट्टे इंटरनेट कंपन्यांनी स्वतःच तिच्यात नोंदवलेले असतात. झेन या त्यांच्या एकत्रित यादीला विचारल्यावर १२७.०.०.१० किंवा १२७.०.०.११ असं उत्तर आलं, की ती पीबीएल समजायची. तुमच्या सेल्सच्या माणसाचा आयपी तिथे असणं हे अगदी बरोबर आहे. तो काढून घ्यायला फॉर्म भरत बसू नका. सबमिशनवर ती यादी विचारायचीच नाही.

पोस्टस्क्रीन (स्पॅम-बॉटना दारातच अडवणारा पोस्टफिक्सचा भाग) वापरत असाल तर तोही फक्त २५ वर. ५८७ आणि ४६५ वर माणसं येतात, आणि त्यांच्यासाठी तो बनवलेलाच नाही.

आता २५ वरून लॉगिनची सोयच काढून टाका. मेन.सीएफ मध्ये एसएमटीपीडी_सासल_ऑथ_एनेबल ‘नो’ आणि मास्टर.सीएफ मध्ये फक्त सबमिशनखाली ‘येस’. पण आधी लॉग बघा. सबमिशनला सिसलॉग_नेम वेगळं दिलेलं असतं, त्यामुळे ‘पोस्टफिक्स/सबमिशन’ आणि साधं ‘पोस्टफिक्स/एसएमटीपीडी’ वेगळं ओळखता येतं. साध्या ओळींत सासल_युजरनेम ज्यांच्या नावाने दिसेल, ते अजून २५ वर आहेत. त्यांचे मेल-क्लायंट बदलून झाल्यावरच दार लावा. एका साहेबांचा जुना फोन हमखास राहून जातो.

आणि आता जे करू नये ते. डायनॅमिक आयपीच्या कटकटीला कंटाळून ब्रॉडबँड कंपनीचा अख्खा पट्टा मायनेटवर्क्समध्ये टाकलेला मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलाय. असं केलं की त्या कंपनीचे सगळे ग्राहक, त्यातले व्हायरस लागलेले कॉम्प्युटरसुद्धा, तुमच्या सर्व्हरमधून पासवर्डशिवाय जगभर मेल पाठवू शकतात. सर्व्हरचा आयपी ब्लॉकलिस्टमध्ये जायला मग वेळ लागत नाही. पॉप-बिफोर-एसएमटीपी ही जुनी युक्तीही पुन्हा उकरून काढू नका. आधी पॉपने मेल तपासला की काही मिनिटं त्या आयपीला पाठवायची मुभा, असा तो प्रकार होता. एक आयपी म्हणजे एक माणूस असं होतं तेव्हा ते ठीक होतं. नॅटमागे शेकडो लोक असताना ती मुभा कोणाला दिली, हे सांगता येत नाही.

पासवर्ड हीच एकमेव ओळख उरली, म्हणजे तो चोरीला गेला तर सगळं गेलं, हे मान्य. एसएमटीपीडी_टीएलएस_ऑथ_ओन्ली ‘येस’ ठेवा, म्हणजे उघड्या जोडणीवर पासवर्ड जाणार नाही. एसएमटीपीडी_सेंडर_लॉगिन_मॅप्स भरून सेंडरच्या यादीत रिजेक्ट_सेंडर_लॉगिन_मिसमॅच लावा, म्हणजे एकाच्या लॉगिनवरून दुसऱ्याच्या नावाने मेल जाणार नाही (वर सेंडरची यादी रिकामी करायला सांगितली, तिथे ही एकच ओळ ठेवायची). फेल-टू-बॅन (सारखे चुकीचे पासवर्ड देणारा आयपी बंद करणारा प्रोग्राम) लावाच, पण जपून: मोबाइल नॅटचा एक आयपी बंद केलात, तर त्याच्यामागे असलेले तुमचे चार प्रामाणिक लोकही बंद होतात. अशा वेळी बंदीचा कालावधी छोटा ठेवलेला बरा. आयपीनुसार मेलसंख्येची मर्यादा घालणाऱ्यांनाही हेच लागू.

एक वेगळी तक्रार याच मुळातून येते, आणि तिचा संबंध लोकांच्या लक्षात येत नाही: ‘मेल जातो, पण पाठवताना वीस सेकंद लटकतो.’ पोस्टफिक्स जोडणी झाल्यावर, ‘२२०’ (स्वागताची ओळ) म्हणण्याआधी उलट नाव शोधतो. पट्ट्याचा डीएनएस सर्व्हर ‘नाव नाही’ असं लगेच म्हणाला तर काही बिघडत नाही. पण तो गप्पच बसला, तर लिनक्सचा रिझॉल्व्हर (डीएनएसला विचारणारा भाग) मुळात पाच-पाच सेकंद थांबून दोनदा विचारतो, आणि नेमसर्व्हर दोन लिहिले असतील तर दोघांनाही. झाले वीस सेकंद. कमी धीराचे क्लायंट त्याआधीच टाइमआउट देतात. सबमिशनखाली ‘-ओ’ने एसएमटीपीडी_पीअरनेम_लुकअप ‘नो’ करा. लॉगमध्ये सगळे ‘अननोन’ दिसतील, दिसू द्या. त्या पोर्टवर नावाचं कामच नाही, सासल_युजरनेम पुरतं.

मेल दारातून आत आला, तरी मेलला स्पॅमचे गुण देणारा प्रोग्राम स्पॅमअ‍ॅसॅसिन त्याला पकडू शकतो. आरडीएनएस_नन, आरडीएनएस_डायनॅमिक, आरसीव्हीडी_इन_पीबीएल असे गुण तुमच्याच माणसाच्या मेलला लागलेले दिसले, तर स्पॅमअ‍ॅसॅसिनला लॉगिन झाल्याचं कळलेलं नाही असं समजा. पोस्टफिक्स रिसीव्ह्ड हेडरमध्ये (मेलच्या माथ्यावरच्या प्रवासाच्या नोंदीत) ‘विथ ईएसएमटीपीएसए’ लिहितो. शेवटचा ‘ए’ म्हणजे लॉगिन झालंय, आणि स्पॅमअ‍ॅसॅसिनला ते वाचता येतं, फक्त ट्रस्टेड_नेटवर्क्स आणि इंटरनल_नेटवर्क्समध्ये तुमच्या सर्व्हरचा पत्ता बरोबर हवा. स्पॅमॅस-मिल्टर (या प्रोग्रामला मेल सर्व्हरशी जोडणारा दुवा) वापरत असाल तर त्याला मोठ्या ‘आय’चा पर्याय द्या. लॉगिन केलेल्यांचे मेल तो मग तपासतच नाही. समोरच्या काही सर्व्हरांना सगळे रिसीव्ह्ड हेडर खोदत बसायची खोड असते आणि घरचा आयपी दिसला की ते नाक मुरडतात. त्यांच्यासाठी सबमिशनला वेगळी क्लीनअप सेवा देऊन तिच्यातल्या हेडर_चेक्सने ती एक ओळ गाळता येते. मी हे सरसकट करत नाही. भानगड झाली की मेल कुठून आला हे शोधायला तीच ओळ कामी येते.

२५ वर तपासणी किती कडक असावी? माझं मत तुमच्याहून थोडं मवाळ आहे. रिजेक्ट_अननोन_क्लायंट_होस्टनेम जाणं-येणं दोन्ही जुळायला हवं म्हणतं. एखादी पतसंस्था, कॉलेज, छोटा कारखाना अशांचे स्थिर आयपीवरचे खरेखुरे सर्व्हर त्यात अडकतात, कारण पीटीआर कंपनीने दिलेला असतो आणि ए रेकॉर्ड नंतर कोणीतरी बदललेला असतो. त्याऐवजी रिजेक्ट_अननोन_रिव्हर्स_क्लायंट_होस्टनेम लावा, ते फक्त पीटीआर आहे का एवढंच बघतं. कडक नियम ठेवायचाच असेल, तर आधी त्याच्यापुढे वॉर्न_इफ_रिजेक्ट लिहून काही आठवडे लॉग वाचा आणि कोण अडलं असतं ते बघून ठरवा.

पोस्टफिक्सऐवजी एक्झिम हा मेल सर्व्हर असेल तर तत्त्व तेच: एसीएलमध्ये (त्याच्या नियमांच्या यादीत) ‘अ‍ॅक्सेप्ट ऑथेंटिकेटेड’ची ओळ ‘व्हेरिफाय रिव्हर्स होस्ट लुकअप’च्या वर. सेंडमेल या मेल सर्व्हरमध्ये ‘डिले_चेक्स’ हे फीचर चालू केलं, की विश्वासाच्या पद्धतीने लॉगिन केलेल्यांना त्या तपासण्या वगळल्या जातात.

राहता राहिला प्रिंटर. स्कॅन करून मेल पाठवणारा जुना प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, हिशेबाचं सॉफ्टवेअर यांना कित्येकदा फक्त पोर्ट २५ कळतो आणि लॉगिन-टीएलएस जमत नाही. त्यांच्यासाठी सर्व्हरवर भोक पाडू नका. ऑफिसातल्याच एखाद्या लिनक्स मशीनवर छोटा पोस्टफिक्स ठेवा, मायनेटवर्क्समध्ये फक्त आतलं नेटवर्क, आणि रिलेहोस्ट म्हणून तुमच्या सर्व्हरचं नाव चौकटी कंसात, पुढे :५८७, सोबत सासलचा पासवर्ड. कंस विसरलात तर तो एमएक्स (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे येतो ती नोंद) शोधायला जाईल. ब्रॉडबँडचा आयपी रोज बदलला तरी याला फरक पडत नाही.

पीटीआरसाठी खरा आग्रह धरायचाच असेल, तर तो तुमच्या व्हीपीएसच्या स्वतःच्या आयपीसाठी धरा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल सगळ्याच पाठवणाऱ्यांकडून जाणं-येणं जुळणारा डीएनएस मागतं, आणि पीटीआर नसेल तर ५५० ५.७.२५ देऊन परत पाठवतं. व्हीपीएसच्या पॅनेलमध्ये ती जागा असते. आयपीव्ही४ चा भरून आयपीव्ही६ चा विसरू नका. ‘डिग -एक्स’ या कमांडने दोन्ही तपासा. व्हीपीएसवाला आयपीव्ही६ चा पीटीआर देत नसेल, तर एसएमटीपी क्लायंटला आयपीव्ही४ वरच ठेवा.